चित्रातले डुक्कर आणि वस्तीतले डुक्कर

लहान मुलांच्या पुस्तकात डुक्कर असावे की असू नये, यावरून इंग्लंडमध्ये दोनदा मोठा गदारोळ झाला. २००३ साली वेस्ट यॉर्कशायरमधील बॅटली गावच्या एका शाळेत मुख्याध्यापिकेने सात वर्षांखालील मुलांच्या वर्गांतून डुकरांच्या गोष्टींची पुस्तके काढून घेतली. शाळेत मुस्लिम मुलांची संख्या मोठी होती, त्यांच्या भावना दुखावतील असे बाईंना वाटले. त्यावर ब्रिटनमधील मुस्लिमांच्या मध्यवर्ती संघटनेनेच सांगितले की, आमच्या धर्मात डुक्कर खाण्यास मनाई आहे, त्याची गोष्ट वाचण्यास नाही. पुस्तके परत ठेवा. पुढे जानेवारी २०१५ मध्ये बीबीसी रेडिओवरील एका चर्चेतून बाहेर आले की, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या शालेय पुस्तकांच्या लेखकांना डुक्कर आणि डुकराचे मांस यांचा उल्लेख टाळण्याच्या सूचना आहेत. आमची पुस्तके जवळजवळ २०० देशांत जातात, सरसकट बंदी वगैरे काही नाही, असा खुलासा प्रकाशनाने केला. तेव्हाही एक मुस्लिम खासदार आणि ज्यू संघटनेचे प्रवक्ते दोघांनी या अतिसावधपणाची टिंगलच केली.

म्हणजे ज्यांच्या नावाने डुक्कर हटवले जात होते, त्यांनी ते मागितलेलेच नव्हते. दुसऱ्याच्या भावनांचे मुखत्यारपत्र परस्पर स्वतःच्या नावे लिहून घेण्याची ही सवय आपल्यालाही चांगली परिचयाची आहे.

आपल्याकडे असा वाद कधी झाला नाही. याचे कारण आपण उदार आहोत असे कोणी समजू नये. आपल्या मराठी बालवाङ्मयात ससा आहे, कासव आहे, कोल्हा आहे, माकड आहे, मगर आहे, वाघसुद्धा आहे. भोपळ्यात बसून लेकीकडे जाणारी म्हातारी आहे. डुक्कर मात्र शोधावे लागते. गावागावांत, प्रत्येक शहराच्या नाल्याकाठी, उकिरड्यावर जे जनावर मूल रोज बघते, तेच त्याच्या गोष्टीत नाही. ते हमखास भेटते एकाच ठिकाणी, दशावताराच्या चित्रांत. तिथे त्याचे नाव डुक्कर नसते, वराह असते! अंगावर दागिने, डोक्यावर मुकुट आणि सुळ्यावर उचललेली पृथ्वी. उदयगिरीच्या लेण्यात पाचव्या शतकातला असा भलामोठा वराह कोरलेला आहे. चालुक्य राजांच्या मुद्रेवर वराह होता. विजयनगरच्या सोन्याच्या नाण्याचेच नाव वराह. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्याला त्या अवताराशी काही देणेघेणे नाही. पण देवाचे डुक्कर संस्कृतात पूज्य आणि माणसाचे डुक्कर मराठीत शिवी, हा हिशेब मुलाच्या मनात कोण भरवतो, हे विचारायला काय हरकत आहे?

आता गंमत पाहा. ज्या घरात डुक्कर हा शब्द जेवताना उच्चारला तर आजी रागावते, त्याच घरातल्या नातीच्या दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर आणि वाढदिवसाच्या केकवर पेपा पिग आहे. २००४ साली ब्रिटिश टेलिव्हिजनवर आलेली ही गुलाबी डुकरीण, तिचा भाऊ, आई-वडील, आजी-आजोबा चिखलाच्या डबक्यांत मनसोक्त उड्या मारतात आणि आमची नवश्रीमंत सोसायटी टाळ्या वाजवते. सन २००० मध्ये इयान फाल्कनर यांच्या चित्रपुस्तकातून ऑलिव्हिया आली. लाल कपडे घालणारी, संग्रहालयात चित्रे पाहायला जाणारी हट्टी डुकरीण. २००७ ते २०१६ या काळात मो विलेम्स यांनी हत्ती आणि डुकरीण या जिवलग मित्रांची २५ पुस्तके काढली. हे सारे आपल्या महानगरांतल्या इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत मिळते. ते विकत घेणारा बाप भाड्याने घर देताना मात्र आधी विचारतो, तुम्ही काय खाता? आडनाव काय?

म्हणजे अडचण डुकराची नाही. ते कोणाचे आहे, याची आहे. विलायतेचे असेल तर गोजिरवाणे, कैकाड्याचे किंवा मेहतराचे असेल तर विटाळ.

इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत गेलेल्या आपल्या प्रत्येक लेकराला तीन डुकरांची गोष्ट ठाऊक असते. एकाने गवताचे घर बांधले, दुसऱ्याने काटक्यांचे, तिसऱ्याने विटांचे. लांडग्याने फुंकर मारून पहिली दोन पाडली, तिसरे पडले नाही. तात्पर्य म्हणून बाई सांगतात की पहिले दोघे आळशी होते, तिसरा कष्टाळू होता. मी जुनी गोष्ट काढून वाचली. जोसेफ जेकब्ज यांनी १८९० साली इंग्रजी लोककथांच्या संग्रहात ती छापली आहे. तिच्यात आळसाचा उल्लेखही नाही. गोष्ट सुरू होते ती गरिबीपासून. म्हाताऱ्या डुकरिणीला तीन पोरांना पोसणे झेपेना, म्हणून तिने त्यांना पोट भरायला घराबाहेर काढले. पहिल्याला वाटेत गवताचा भारा घेतलेला माणूस भेटला, दुसऱ्याला काटक्यांवाला, तिसऱ्याला विटांवाला. तिघांनीही सारखीच विनंती केली, ज्याला जे मिळाले त्याचे त्याने घर बांधले. पहिले दोघे मेले, कारण त्यांना विटांवाला भेटला नव्हता. एवढीच गोष्ट आहे.

मग आळस कुठून आला? १९३३ साली वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने या गोष्टीचे व्यंगचित्रपट केले, तेव्हा पहिल्या दोघांच्या हाती बासरी आणि फिडल देऊन त्यांना नाचरे केले आणि तिसऱ्याला शहाणा गवंडी केले. अमेरिकेत तेव्हा महामंदी होती, लाखो लोक बेघर होते, आणि पडद्यावरून पोरांना शिकवले जात होते की घर पडते ते आळशाचे. त्याच चित्रपटात दारावर येणारा लांडगा मोठे नाक लावून ज्यू फेरीवाल्याचे सोंग घेतो. हिटलर सत्तेवर आला तेच हे वर्ष. पुढे आक्षेप आल्यावर कंपनीला ते दृश्य नव्याने काढावे लागले. मुलांच्या चित्रात निरागस असे काही नसते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आपली चिमणी-कावळ्याची गोष्ट याच वळणाची आहे. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस आला, कावळ्याचे घर वाहून गेले. तो भिजत दारात उभा, आणि चिमणी आतून एकेक सबब सांगते. पिढ्यान्‌पिढ्या आपण ही गोष्ट पोरांना घास भरवताना सांगितली. कावळ्याला मेण का मिळाले नाही, हे एकाही पोराने विचारू नये अशीच तिची रचना आहे. झोपडपट्टीत वाढलेल्या मुलाला मात्र ठाऊक असते की घर फुंकरीने पडत नाही, त्याला नोटीस लागते. कधी तीही येत नाही. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. त्याच निकालाने नोटीस देऊन पदपथावरच्या झोपड्या हटवण्याची मोकळीकही दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय घरावर बुलडोझर घालू नका. तेव्हा आमच्या वस्तीतल्या पोराला ही गोष्ट सांगायची असेल, तर लांडग्याकडे कोणाचा आदेश होता, हेही सांगावे लागेल.

पाश्चात्त्य लेखकांनी मात्र आपलीच गोष्ट उलटून पाहिली, हे मान्य केले पाहिजे. १९८९ साली जॉन शेस्का यांनी तुरुंगातल्या लांडग्याच्या तोंडून तीच हकीकत सांगितली, लेन स्मिथ यांनी चित्रे काढली. आरोपीची बाजू ऐकल्याशिवाय निकाल नको, हे न्यायतत्त्व सहा वर्षांच्या मुलाला याहून सोप्या रीतीने कोणी शिकवले असेल असे वाटत नाही. पण माझे आवडते पुस्तक दुसरे आहे. डेव्हिड वीझनर यांचे, २००१ सालचे. २००२ मध्ये त्याला अमेरिकेतील चित्रपुस्तकांचा सर्वोच्च असा कॅल्डेकॉट सन्मान मिळाला. त्यात लांडगा फुंकर मारतो आणि पहिले डुक्कर चित्राच्या चौकटीबाहेर फेकले जाते. खालचा मजकूर बिचारा नेहमीप्रमाणे सांगतो की लांडग्याने त्याला खाल्ले. चित्रात लांडगा गोंधळलेला, कारण समोर कोणीच नाही. मग तिन्ही डुकरे एकेक करून गोष्टीतून बाहेर येतात, तिच्याच पानाची घडी घालून विमान करतात आणि कोऱ्या पांढऱ्या पानांवरून उडत जातात.

हे पुस्तक पाहताना मला १३ ऑक्टोबर १९३५ चे येवले आठवले. ज्या गोष्टीत आपले मरण लिहूनच ठेवले आहे, त्या गोष्टीत चांगले पात्र होऊन काय उपयोग? बाहेर पडायचे. बाबासाहेबांनी ते जाहीर केले आणि २१ वर्षांनी नागपुरात करून दाखवले. खालचा मजकूर अजूनही जुनेच सांगत असतो, ते वेगळे.

ई. बी. व्हाइट यांचे १९५२ चे 'शार्लट्स वेब' हे चित्रपुस्तक नव्हे, गार्थ विल्यम्स यांच्या चित्रांची छोटी कादंबरी आहे. पण डुकराच्या पात्राचा विषय तिच्याशिवाय पुरा होत नाही. तिच्या सुरुवातीलाच एक शेतकरी कुऱ्हाड घेऊन निघालेला असतो, कारण डुकरिणीच्या पिलांतले एक अशक्त निघाले. त्याची आठ वर्षांची मुलगी वाद घालते की जन्मतः लहान आणि दुबळे असणे हा गुन्हा कसा? मी लहान जन्मले असते तर मला मारले असते का? बाप शेवटी नमतो. पुढे एक कोळीण आपल्या जाळ्यात त्या डुकराच्या स्तुतीचे शब्द विणते. डुक्कर तेच असते. गोठाही तोच. फक्त त्याच्या डोक्यावरचा शब्द बदलतो, आणि गावोगावचे लोक त्याला पाहायला गर्दी करतात. एका शब्दाने माणसाची नजर कशी फिरते, हे आपल्याला शिकवायला नको. अस्पृश्य, हरिजन, दलित, बौद्ध... आपण चार पिढ्या शब्दांचीच लढाई लढतो आहोत.

आता आपल्या मातीत येऊ. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ साली महाराष्ट्राच्या चित्रपटगृहांत लागला. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. शाळेसमोर जब्याचे कुटुंब डुक्कर पकडते आहे, गाव हसते आहे, आणि नेमके शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर तेवढे पळून जाते. नंतर काठीला बांधलेले डुक्कर घेऊन बाप-लेक शाळेच्या भिंतीवरून जातात. भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीमाई, शाहू महाराज यांची चित्रे. आपल्यापैकी अनेकांनी त्या प्रसंगाला डोळे पुसले. पण चित्रपट संपल्यावर आपल्या तालुक्यातल्या कैकाडी वस्तीत कितीजण गेले?

'फँड्री'च्या नंतरची ही हकीकत आहे. पश्चिम महाराष्ट्रातील एका गावची एक आई आपल्या दुसरीतल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. शाळेच्या स्नेहसंमेलनात तीन डुकरांचे नाटुकले बसवले होते. डुकराचे मुखवटे घालायला कोणी पालक तयार होईनात. बाईंनी याला उभे केले. तालमीला पोरे हसली, ते कागदी मुस्कट उतरल्यावरही हाक तीच राहिली. मुलाने शाळा सोडली. बाईंचे म्हणणे असे की, याच्या घरी डुकरे आहेत, याला तो आवाज हुबेहूब येतो, म्हणून घेतले, माझ्या मनात काही नव्हते. कदाचित नसेलही. ऑलिव्हिया जिथे घराघरांत आहे अशा वर्गात, हुबेहूब आवाज काढणारा पोरगा नायक ठरला असता. पण आपल्या गावात मुखवटा कोणाच्या तोंडावर बसवला यावर नाटकाचा अर्थ ठरतो.

आईचा प्रश्न सरळ होता. ॲट्रॉसिटी लागेल का? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे आणि जातीवरून शिवीगाळ करणे यांसाठी आता कलम ३(१) मधील आर आणि एस ही उपकलमे आहेत. २००८ साली स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जातीचे नाव अपमानाच्या हेतूने उच्चारले तर तो गुन्हा होतो. हेतू सिद्ध करणे अवघड, हे खरेच. पण इथे प्रश्न हेतूपर्यंत पोहोचलाच नाही. कैकाडी समाज महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहे तो फक्त विदर्भातल्या जिल्ह्यांपुरता. अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि राजुरा वगळून चंद्रपूर. उरलेल्या महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातीत मोडतो. म्हणजे नागपूरच्या कैकाडी मुलाचा अपमान हा विशेष कायद्याखालचा गुन्हा आणि सोलापूरच्या कैकाडी मुलाचा अपमान हा शाळेतला किरकोळ प्रकार! नागराज मंजुळे ज्या करमाळा तालुक्यातले आहेत तो सोलापूर जिल्ह्यातच येतो. जब्याच्या हातातल्या दगडाशिवाय दुसरा कायदा त्याच्यासाठी नव्हता, हे त्या चित्रपटाच्या कौतुकात बहुतेकांच्या लक्षात आले नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, १९५२ मध्ये ज्यांना त्यातून मोकळे केले, त्या समाजाला एका राज्यात दोन कायदे लावणे हे कोणत्या समतेत बसते?

आपल्याच लोकांचा एक आक्षेप मला माहीत आहे. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे सोडा, स्वच्छ राहा असे सांगितले, आणि हे वकीलसाहेब उकिरड्यावरचे डुक्कर मुलांच्या हाती देतात. हा आक्षेप घेणारे महाडचा अर्थ अर्धाच घेतात. लादलेली घाण नाकारा, असे ते सांगणे होते. जे भाऊ अजून त्या कामात अडकले आहेत त्यांच्याकडे नाक मुरडा, असे नव्हे. आपण बौद्ध झालो, आपली मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली, आणि आपल्याच कॉलनीच्या मागे राहणाऱ्या मेहतरांच्या, कैकाड्यांच्या पोरांशी आपली मुले खेळत नाहीत. पायरी उतरणीची विषमता बाबासाहेबांनी कोणाला समजावून सांगितली होती?

शिवाय घाण डुकराची नाहीच. डुकराला माणसासारखा घाम येत नाही, म्हणून ते अंग थंड करायला चिखलात लोळते. सावली आणि पाणी दिले तर ते झोपायच्या जागी घाण करत नाही, हे डुक्कर पाळणारी कोणतीही बाई सांगेल. ते उकिरड्यावर जे खाते ते आपण टाकलेले असते. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा इजिप्तच्या सरकारने देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा हुकूम काढला, जरी डुकरांपासून तिथे एकालाही लागण झालेली नव्हती. ही डुकरे कैरोचा कचरा वेचणाऱ्या गरीब ख्रिस्ती समाजाची होती. शहराचे ओले खरकटे तीच संपवत. डुकरे गेली आणि कैरोच्या रस्त्यांवर कुजलेल्या कचऱ्याचे ढीग साचले. नाव रोगाचे, निशाणा जनावरावर आणि मार कचरा वेचणाऱ्यावर. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात ९०.६ लाख डुकरे आहेत, त्यांतली सुमारे २१ लाख एकट्या आसामात. ईशान्येच्या घराघरांत डुक्कर ही मुलीच्या फीची तजवीज असते. तिथल्या मुलाला विचारा, डुक्कर म्हणजे काय. उत्तर वेगळे येईल.

आणि बौद्ध म्हणून आपल्याला हा विषय परका नाही. जातकांच्या ५४७ कथांत डुक्कर अनेकदा येते. सगळीकडे गौरवानेच येते असे मी म्हणणार नाही. सूकर जातकात (क्र. १५३) घाणीत लोळून सिंहाला आव्हान देणाऱ्या डुकराची टरच उडवली आहे. तिबेटी भवचक्राच्या मध्यभागी डुक्कर अविद्येचे चिन्ह आहे. पण दोन कथा अशा आहेत की त्या आपल्या मुलांपर्यंत का पोहोचल्या नाहीत याचे मला नवल वाटते.

पहिली वड्ढकिसूकर जातक, क्र. २८३. वाराणसीजवळच्या सुतारांच्या गावातला एक सुतार खड्ड्यात पडलेले डुकराचे पिल्लू घरी आणून वाढवतो. ते त्याला तोंडाने वाकस, कुऱ्हाड, छिन्नी, मोगरी आणून देते, आखणीच्या दोरीचे टोक धरून ठेवते. मोठे झाल्यावर याला कोणी मारून खाईल म्हणून सुतार त्याला जंगलात सोडतो. तिथली डुकरे वाघाच्या दहशतीत आहेत. रोज एकजण जातो. हा विचारतो, तुम्ही इतके आणि वाघ किती? एकच! मग तो त्यांची फौज उभी करतो. दूध पिणारी पिल्ले मधोमध, भोवती आया, त्याबाहेर वयाप्रमाणे इतर, आणि आपल्या उभे राहण्याच्या जागेपुढे खड्डा. वाघ येतो, पाहतो, परत फिरतो. कारण डुकरे पळत नाहीत. आता कथेतली खरी खुबी. वाघाने मारलेल्या मांसात एका जटाधारी ढोंगी तापसाचा वाटा असतो. तो वाघाला भरीस घालतो, जा, एक डरकाळी फोड, पळतील. वाघ झेप घेतो आणि खड्ड्यात पडून मरतो. डुकरे तिथे थांबत नाहीत. वाघ गेला तरी तापस आहे तोवर दुसरा वाघ येईल, हे त्यांना कळते. तापस उंबरावर चढतो. डुकरे मुळे उकरून झाडच पाडतात. त्याच तापसाच्या शंखाने पाणी घालून ती आपल्या पुढाऱ्याला राज्याभिषेक करतात.

वाघ आणि त्याला आशीर्वाद देणारा जटाधारी यांची भागीदारी दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला दिसली होती. हत्यारे हाताळायला शिकलेला, कारागिराच्या घरात वाढलेला एक जण आपल्या लोकांत परत जातो आणि त्यांना संघटित करतो, याचा अर्थ या दैनिकाच्या वाचकाला उलगडून सांगायची गरज नाही. तीन डुकरांच्या गोष्टीत प्रत्येकाचे घर वेगळे. इथे घरच नाही, रांग आहे.

दुसरी तुंडिल जातक, क्र. ३८८. कापूस वेचून परतणाऱ्या एका म्हातारीला दोन पिल्ले सापडतात. ती त्यांना पोटच्या पोरांसारखी वाढवते, महातुंडिल आणि चुल्लतुंडिल. काही दारुडे म्हातारीला दारू पाजून धाकट्याचा सौदा करतात. धाकटा पाहतो, खाण्याची डोणी भरलेली आहे आणि शेजारी फास घेतलेली माणसे उभी आहेत. तो थरथरत भावाकडे पळतो. महातुंडिल म्हणजे बोधिसत्त्व. तो त्याला मरणाचे भय सोडायला सांगतो आणि धम्माच्या स्वच्छ सरोवरात स्नान करायला, शीलाचा न विटणारा सुगंध लावायला शिकवतो. ज्याला जग घाण म्हणते त्याच्या तोंडी स्नानाचा आणि सुगंधाचा उपदेश! ते ऐकून वाराणसीचे लोक धावतात, राजा त्या दोघांना पुत्र मानतो. राजाच्या मरणानंतर बोधिसत्त्व काय करतो? न्यायनिवाड्याचा ग्रंथ लिहवून घेतो, खटले यावरून तोडा असे सांगतो, आणि भावासह अरण्यात निघून जातो.

कायद्याच्या पदवीसाठी मी मनुस्मृतीपासून ब्रिटिशांच्या संहितांपर्यंत बरेच वाचले. आपल्या परंपरेत एका डुकराने कायद्याचा ग्रंथ दिला आहे, हे मात्र मला विद्यापीठात कोणी सांगितले नाही.

या कथा मराठीत नाहीत असे नाही. धर्मानंद कोसंबींनी जातके मराठीत आणली, दुर्गा भागवतांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने त्यांचे खंड केले. पण मुलाच्या मांडीवर मावेल, दर पानाला चित्र असेल असे महातुंडिलाचे पुस्तक मी अजून कुठल्या विहाराच्या पुस्तक-स्टॉलवर पाहिलेले नाही. इतरांनी वाट दाखवली आहे. हैदराबादच्या अन्वेषी संस्थेने २००८ मध्ये दलित-वंचित घरांतल्या मुलांच्या गोष्टींची मालिका काढली. कांचा इलैया यांचे श्रमाच्या प्रतिष्ठेवरचे मुलांचे पुस्तक २००७ मध्ये दुर्गाबाई व्याम यांच्या चित्रांसह आले, आणि २०११ मध्ये दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी 'भीमायन' चितारले. गोंड कलावंतांच्या हातची ती रेषा पाहा. तिथे जनावर आणि माणूस यांच्यात विटाळाची भिंत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. उद्या कोणी उत्साही संपादक डुकराचे पात्र रंगवील आणि त्याला कैकाडी आडनाव देईल, तर तो मुखवटा पुन्हा त्याच पोराच्या तोंडावर बसेल. जनावर जनावरच राहू द्यावे, जातीचे निशाण नको. आणि अशा पुस्तकाचे पहिले वाचन शहरातल्या सभागृहात न करता डुकरे पाळणाऱ्या वस्तीत करावे. चूक असेल तर तिथली पोरे लगेच सांगतील.

खर्चाचा आणि हक्कांचा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी कायद्याची माहिती देतो. पाली जातककथांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. कोसंबी १९४७ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे लेखन १ जानेवारी २००८ पासून सर्वांना खुले आहे. दुर्गाबाई भागवत २००२ मध्ये गेल्या, त्यांचा मजकूर घ्यायचा असेल तर परवानगी घ्यावी लागेल. कथा आपल्या शब्दांत सांगितली तर कोणालाच विचारावे लागत नाही. चित्रकाराशी मात्र करार लेखी करा, मूळ चित्रे त्याच्याकडेच राहतील असे त्यात लिहा आणि मानधन आधी द्या. चळवळीचे काम आहे म्हणून चित्रकाराला फुकट राबवण्याची प्रथा आता बंद करू. कराराचा मसुदा मी करून देईन, त्याची फी नाही.

त्या दुसरीतल्या मुलाची शाळा पुढे बदलली. त्याच्या आईला मी महातुंडिलाची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने एवढेच विचारले की, त्या म्हातारीने शेवटी धाकट्याला विकले की नाही. नाही विकले, म्हटले. मग ती म्हणाली, हे चित्रात नीट दाखवा.